पेंटरने काढलेला बाण

लेकीने अट घातली होती, आणि लेकीची अट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "मंगळवारी सहाला त्या दारू सोडायच्या बैठकीला जायचं. वाचनालयाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. तिथल्या बाईंशी मी बोललेय. सात वाजता मी त्यांना फोन करणार. बाबा आले म्हणाल्या, तर रविवारी बाळ तुमच्या मांडीवर."

नातू तीन महिन्यांचा झाला होता आणि पेंटरने त्याला अजून लांबूनच पाहिलं होतं. एकदा घ्यायला हात पुढे केला, तर लेकीने वास ओळखला आणि बाळाला उचलून आत नेलं. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. इतकं लागलं, की त्या संध्याकाळी तो रोजच्यापेक्षा जास्त प्यायला.

"पत्ता नीट समजून घ्या," लेक म्हणाली.

"मला पत्ता सांगतेस? तिथला बोर्ड माझ्याच हातचा आहे."

हे मात्र खरं होतं. पाच महिन्यांपूर्वी बाईंनी फोनवरच काम सांगितलं होतं आणि पेंटरने वाचनालयाच्या पुढच्या दाराच्या आतल्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं होतं: 'दारू सोडायची आहे? मंगळवारी, संध्याकाळी सहा.' खाली एक लठ्ठ, टोकदार बाण. दारू सोडायचा बोर्ड पिऊन रंगवू नये, असं त्या दिवशी त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी तो तीन दिवस कोरडा राहून, दाढी करून तिथे पोचला. टेबलाशी ग्रंथपाल बसला होता. पेंटरने उगाच खिसे चाचपले, भिंतीवरचं कॅलेंडर दोनदा वाचलं आणि ग्रंथपालाने मान खाली घातल्याबरोबर बोर्डाकडे सटकला. अक्षरं बघून त्याचा ऊर भरून आला. शिरोरेषा अगदी सरळ. कोण म्हणेल, हात थरथरत होता? मग तो बाणाच्या दिशेने डावीकडे वळला, आठ अंधाऱ्या पायऱ्या उतरला आणि तळघरात शिरला.

तिथे मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाऱ्यात तीन चांगल्या खुर्च्या निवडून तीन माणसं बसली होती. एक बसचा ड्रायव्हर, एक सलूनवाला आणि एक शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर.

"या, या," मास्तर म्हणाले. "चौथी खुर्ची जरा डुगडुगते. जपून बसा."

पेंटरला बरं वाटलं. सगळे आळीपाळीने बोलत होते. सलूनवाल्याचा हात आता गिऱ्हाइकाच्या गळ्याशी कापत नव्हता. ड्रायव्हरची बायको त्याच्याशी पुन्हा भांडू लागली होती; मधली दोन वर्षं तिने तेही सोडलं होतं. पेंटर ऐकत राहिला. मग त्याला घड्याळाची आठवण झाली.

"बाई कधी येतात?" त्याने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"त्या आजारी असाव्यात," मास्तर म्हणाले. "पाच महिने आलेल्या नाहीत. मी पहिल्यांदा आलो, तर खोली रिकामी. वाट बघत बसलो. पुढच्या मंगळवारी हे सलूनवाले आले, यांना वाटलं मीच चालवतो. मीही मग नाही म्हटलं नाही."

"वर कुणाला विचारायचं तरी."

"काय विचारायचं?" सलूनवाला म्हणाला. "बेवडे कुठे बसतात?"

पेंटरच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. लेक म्हणाली होती वरच्या मजल्यावर. वर जायचा जिना उजवीकडे होता. बाण डावीकडे होता. त्याने कपाळाला हात लावला.

सातला दहा मिनिटं कमी होती. आता 'पाय मोकळे करून येतो' म्हणावं आणि गुपचूप वर जावं, एवढंच करायचं होतं. बाईंना तोंड दाखवलं की नातू मांडीवर. या तिघांचं इथे बरं चाललंच होतं. तो उठून दारापर्यंत गेलाही.

"दादा, पळू नका," ड्रायव्हर मागून म्हणाला. "मीही दोनदा पळालो. अंधार दिसला की वाटायचं, कुणी नाहीच इथे. तिसऱ्या मंगळवारी मास्तर खोकले म्हणून सापडलो."

पेंटर थांबला. मास्तर नसते खोकले तर? आणखी किती जण इथे डोकावून, अंधार बघून, सरळ गुत्त्यावर गेले असतील? त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की पाय उचलेना.

"मी पेंटर," तो म्हणाला. "बोर्डावरचा बाण मी काढलाय. पिऊन काढलाय. बैठक वरच्या मजल्यावर आहे."

ड्रायव्हरने आधी छताकडे पाहिलं.

"म्हणजे," ड्रायव्हर मास्तरांकडे वळून म्हणाला, "भूगोलाच्या मास्तरांनी आम्हाला पाच महिने भलत्याच जागी बसवलं."

"तुम्ही तर बस चालवता," मास्तर म्हणाले.

चौघंही वर गेले. गुडघेदुखीमुळे मागच्या लिफ्टने येणाऱ्या, आणि म्हणून तो बोर्ड कधीच न पाहिलेल्या बाई खोलीत एकट्या बसल्या होत्या. समोर चहाचा थर्मास, दहा कप आणि बिस्किटांचा पुडा. चार पुरुष एकदम आत आलेले बघून त्यांनी आधी पर्स जवळ ओढली. मग सगळं ऐकून घेतलं.

"पाच महिने," त्या म्हणाल्या, "मी एकटी ही बिस्किटं खातेय. माझी साखर वाढली. पुढच्या मंगळवारपासून बंदच करणार होते."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"हो, आलेत तुझे बाबा," बाई म्हणाल्या. "एकटे नाही आले. तिघांना घेऊन आलेत." आणि त्यांनी फोन पेंटरपुढे धरला.

झालं होतं काम. आता नुसतं 'हो बाळा' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"अगं," पेंटर म्हणाला, "मी आणलं नाही त्यांना. मीच चुकवलं होतं. तो बाण मी पिऊन काढला होता."

आजवर दर वेळी चूक भिंतीची असायची, ब्रशची असायची, नाहीतर गिऱ्हाइकाची. हे लेकीला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पलीकडे बाळ कुरकुरत होतं. तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

"रविवारी सकाळी या," ती म्हणाली. "घर सापडेल ना? की बाण काढून ठेवू?"

"काढ," पेंटर म्हणाला. "पण तूच काढ."