तीन फुगीर काप

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिचं भांडण सुरळीत चालू होतं. जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक, कान आणि खांद्यामध्ये दाबलेला फोन आणि फोनच्या पलीकडे बेडूकमामा. ते माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्याच विभागात तीस वर्षं बेडूक कापत आलेले प्राध्यापक. आईने सॅलॅमँडर, म्हणजे बेडकाचे शेपटीवाले चुलतभाऊ, कापले. म्हणजे पटण्याचा प्रश्नच नव्हता.

वाद जुनाच. सॅलॅमँडरच्या डिंभकात, म्हणजे पाण्यातल्या पिल्लात, मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीची सुरुवात तोंडाजवळच्या कातडीतून होते. तिथून पेशींची एक भरीव दोरी मेंदूखालून मागे सरकते, मेंदूचा तळ खाली झुकून तिला भेटतो आणि मग ती दोरी कातडीपासून तुटते. कधी तुटते? आई म्हणायची, डिंभक आठ मिलिमीटरचा असतानाच. मामा म्हणायचे, इतक्या लवकर? छे!

"अहो, तुमच्या बेडकाला उशिरा अक्कल येते, त्याला माझा सॅलॅमँडर काय करणार?" आई फोनवर म्हणाली आणि फोन आपटून मला हाक मारली. "ये गं, बघ. सतरा नंबरचा डिंभक. दोरी, दोरी, मग तीन कापांत काही नाही. तुटलीय ना?"

मी डोळा लावला. "तुटलीय."

"हे तिन्ही जरा फुगीरच वाटतात मला. मेण जास्त तापलं असेल."

"असेल," म्हणत मी चहा टाकायला उठले.

मेण तापलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची असताना सुट्टीत आईच्या हाताखाली काम करायचे. मेणात बसवलेल्या इवल्याशा डोक्याचे यंत्रावर केसाहून बारीक काप पडायचे, ते क्रमाने काचेवर चिकटवायचे. आईचा नियम एकच: काप हरवला तर वहीत फुली मारायची. "हरवल्याबद्दल कुणी फासावर देत नाही. लपवलंस तर मी देईन."

एकदा ती बाहेर गेली आणि मी शिंकले. सतरा नंबरचे तीन काप उडाले ते कायमचे. फुली मारायचा धीर होईना. शेजारच्या ताटलीत चार दिवसांनी मोठ्या डिंभकाचे काप होते. त्याची दोरी खरोखरच तुटलेली. त्यातले तीन, अंमळ फुगीरच, उचलून रिकाम्या जागी लावले. त्या तिघांच्या जोरावर आईने शोधनिबंध लिहिला आणि बावीस वर्षं मामांना सळो की पळो केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्चीत बसली, "आज त्या बेडकाला" एवढंच म्हणाली आणि गेली. वाक्य अर्धवट सोडणारी बाई नव्हती ती.

आठवड्याने विभागात शोकसभा झाली. फोटोतली आई नुकतीच कुणाची तरी चूक सापडल्यासारखी हसत होती. विभागप्रमुखांनी तिच्या मृदू स्वभावाचा उल्लेख केला तेव्हा मागच्या बाकावर दोघांना ठसका लागला. मग मामा उठले. शर्टाची बटणं एक घर चुकलेली.

"बाई बावीस वर्षं भांडल्या माझ्याशी. आता मी कुणाशी भांडू? माझ्याकडे सॅलॅमँडरचेच दहा डिंभक आहेत, आठ मिलिमीटरचे, दोरी शाबूत असलेले. ते दहाही मागे घेतो. माझ्या पुस्तकातलं त्यावरचं प्रकरणही काढून टाकतो. बाईंचंच बरोबर होतं."

सभेत हुंदके फुटले. मला घाम फुटला. माझ्या एका शिंकेपायी दहा खरे डिंभक खोटे पडत होते. गप्प बसले असते तर आई जिंकली असती, आणि अशी जिंकवल्याबद्दल तिने मला वरून खाली येऊन फासावर दिलं असतं.

मी उभी राहिले. "मामा, काही मागे घेऊ नका."

"बस गं. हे तिचं आणि माझं आहे."

"नाही, माझं आहे."

पण पुढचं मामांना सांगवेना. मी फोटोकडे वळले.

"आई, मेण तापलं नव्हतं. मी शिंकले होते. सतरा नंबरचे तीन काप उडाले, तिथे मी दुसऱ्याचे लावले. तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही."