पांढऱ्याखाली नाथा

चित्र क्र. १४
चित्रकार : धनेश, वय ४१
शीर्षक : मिठागर
माध्यम : कागदावर पोस्टर कलर
स्थिती : उत्तम

हे लेबल मीच लिहिलं होतं. आता पुन्हा लिहिते. या वेळी जागेची काटकसर करायची नाही.

चित्रकार :
धनेश बोलत नाही. मानपाड्याच्या आमच्या दिव्यांग केंद्रात रोज दहाला येतो, साडेचारला जातो. मी तिथे चित्रकला शिकवते. त्याचे वडील नाथा जन्मभर मिठागरात राबले, दोन वर्षांपूर्वी वारले. "बाबा मिठागरावर गेलाय," असं आवडाबाईंनी, त्याच्या आईने, त्याला सांगितलं. तेव्हापासून तो रोज पाच वाजता घराच्या दारात उभा राहायचा. अंधार पडायचा, ताट गार व्हायचं. हात धरून ओढलं तर चावायचा.

शीर्षक :
मग त्याने मिठागर काढायला घेतलं. राखाडी बांध, पांढरे चौकोन. एकच कागद, वर्षभर तोच. सुकलेल्या पांढऱ्यावर पुन्हा पांढरा. फक्त एका कोपऱ्यात तांदळाएवढा तपकिरी ठिपका होता, त्याला वळसा घालून ब्रश जायचा. घरी निघताना तो त्यावर बोट ठेवायचा. रंग सुकला का बघतोय, असं मला वाटायचं.
त्या ठिपक्यानंतर दारात उभं राहणं थांबलं होतं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

माध्यम :
प्रदर्शनाआधीच्या गुरुवारी आमच्याकडे फिनिशिंग असतं. मुलं घरी गेली की (चाळिशीचीही मुलंच) आम्ही त्यांची चित्रं नीट करतो. बाहेर गेलेला रंग आत घेतो, काळ्या स्केचपेनने कडा काढतो. सगळीकडे करतात.
"आउटलाइन जाड मार हां," महेंद्र सर म्हणाले. ते केंद्र चालवतात. "लोकांना कळलं पाहिजे ना, काय काढलंय."
"आणि हा डाग?"
"चहाचा असेल. मार पांढरा."
मारला. एका हातात झाकला गेला नाही, म्हणून दोन हात.

स्थिती :
प्रदर्शनाचा दिवस. खोपटच्या एसटी डेपोमागचा हॉल. धनेश नवा शर्ट घालून आलेला. चित्रापाशी गेला, बोट कोपऱ्यात ठेवलं. उचललं. दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं. मग चित्र भिंतीपासून ओढून मागे बघितलं.
आवडाबाई पुढे आल्या. चष्मा पुसून वाकल्या.
"बाय, हितला नाथा कुठं गेला?"
"कोण, काकी?"
"ह्याचा बाप गं. ह्या कोपऱ्यान उभा व्हता. पालक सभेला मना बोट धरून दाखवलेला यानं."
"काकी... आम्हाला तो डाग वाटला."
"डाग." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मंग चाळीस वर्सं मी डागालाच भाकरी बांधून दिली का?"
धनेश नखाने पांढरा खरवडू लागला. पापुद्रे निघाले. पांढऱ्याबरोबर तपकिरीही निघालं. मग कागद.
"धनेश, शहाणा मुलगा ना तू!" महेंद्र सर म्हणाले. पाहुणे दुसऱ्या भिंतीकडे वळले.
भोकातून त्याने बोट पलीकडे घातलं. तिथे भिंत होती.

दुरुस्ती : (लेबलवर ही ओळ नसते.)
सोमवारी मी त्याला कोरा कागद दिला. आधी मीच बांध आखले, चौकोन रंगवले. कोपऱ्यात तपकिरी ठिपका दिला. तेवढाच, मापून.
त्याने बघितलं. ओल्या तळव्याने तो पुसून टाकला. ब्रश बरणीत ठेवला, हात मांडीवर.
संध्याकाळी आवडाबाईंचा फोन आला.
"पाच वाजल्यापासून उभा हाय."
"आत येत नाही?"
"नाय. बाय, तूच सांग त्याला. मी एकदा सांगितलं, मिठागरावर गेलाय. तिथून तू घालवलास. आता तू सांग, कुठं गेला."
"काकी, मी काय—"
फोन त्याच्या कानाला लावला गेला होता. कळलं मला, कारण श्वास ऐकू येत होता. संथ, कान देऊन घेतलेला.
मी अजून काही बोललेले नाही.