चिमीचे थेंब

माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीपेक्षा वजनकाटा हाताशी असतो. तिची लेक चिमी जन्मली तेव्हा लंगोटाला जळक्या साखरेचा वास यायचा, आणि बारसं व्हायच्या आत पोर बेशुद्ध पडली. ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन ही अन्नाच्या प्रथिनांतली तीन अमिनो आम्लं तिच्या शरीराला मोडता येत नाहीत, साठली की थेट मेंदूवर जातात, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून ही तिन्ही वगळलेलं पावडरचं खास दूध, दवाखान्याने दिलेले थेंब आणि काट्यावर तोललेला बटाटा. ताईने डोळ्यांत तेल घालून पोर वाढवली, यात वाद नाही. पण सांगितलेल्या मापातूनही ती चिमूटभर काढून ठेवायची. "कमी पडलं तर पडू दे, जास्त नको," म्हणायची. मी कपडे शिवते, मापाशी असला खेळ मला बघवत नसे.

यंदा रक्ताच्या तपासणीत ल्यूसिन वाढलेलं निघालं. ताईने बटाटा निम्म्यावर आणला. पुढच्या तपासणीत ते आणखी वाढलं. चिमीच्या तोंडाभोवती लालभडक चट्टे उठले, केस फणीत येऊ लागले, जिना चढताना ती मध्येच बसायला लागली.

"अगं, उपाशी मारतेस का पोरीला?" मी म्हटलं.

ताई अंगावर धावून आली. "तुला काय कळतंय? बेशुद्ध पडलेली मी पाहिलीय तिला!"

 

शेवटी चिमीला दवाखान्यात भरती करावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "आयसोल्यूसिन आणि व्हॅलिनचे थेंब चालू आहेत ना?"

ताईने मान खाली घातली. "बंद केले. तिला जे विष, तेच बाटलीतून कसं पाजू?"

"विष नाही हो ते. जास्त झालं तर घात, पण थोडं लागतंच. शरीराला ते स्वतः बनवता येत नाही. त्या तिन्हींतलं एक जरी संपलं, तरी नवी कातडी, नवं मांस बनायचं थांबतं. मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं, आणि त्यातलं ल्यूसिन रक्तात येतं. म्हणून वाढतंय ते."

 इतके दिवस मी ताईवर धुमसत होते, पण आता मला तिची नुसती कीव आली.

नर्सने थेंब चमच्यात काढून दिले. ताईने हात पुढे केलाच नाही, म्हणून चमचा मी धरला. चिमीने बाटली ओळखली आणि ओठ घट्ट मिटून मान हलवली.

"हे वाईट असतं. मी नाही घेणार," ती म्हणाली आणि शाबासकीसाठी आईकडे बघून हसली.

ताईने माझ्या हातातला चमचा घेतला. "घे गं राणी. आईचं चुकलं होतं."

चिमीचं हसू मावळलं. तिने आईकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वळली.

"मावशी, खरंच घेऊ?"

मी हो म्हटलं, तेव्हाच तिने तोंड उघडलं.