डिस्ट्रिब्युटरचं टोपण

थोरलीला तीन वर्षांनी माहेरी येऊन तास झाला नव्हता, तोच तिचे हात ग्रीसने बरबटले. धाकट्या भावाने फोनवर सरळच सांगितलं होतं : भंगारवाला अकराला ट्रक घेऊन येतोय, त्याआधी ट्रॅक्टर सुरू झाला तर राहील, नाहीतर जाईल. दहा वाजून गेले होते. बाबा शेडच्या दारात स्टुलावर, रस्त्याकडे तोंड करून बसले होते. भांडून गेलेल्या लेकीशी बोलावं की नाही, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

तिने प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली. "मार हँडल!"

धाकट्याने जीव खाऊन हँडल फिरवलं. ठिणगीचा पत्ता नाही.

"पुन्हा!"

"अगं, खांदा निखळेल माझा. बाबांनी सगळं बदललंय. प्लग नवे, कॉइल नवी, वायरी नव्या. बदलायचा राहिलोय तो मीच."

तिला हसू आलं नाही. लांबून एक ट्रक घरघरला, तिने झटकन रस्त्याकडे पाहिलं. तो पुढे निघून गेला. याच ट्रॅक्टरवर बाबांनी तिला पाना धरायला शिकवलं होतं. तो गेला तर समेटाला निमित्तही उरणार नव्हतं.

"आणि हे टोपण?" तिने प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर बोट ठेवलं.

"त्याला हात लावू देत नाहीत. मेकॅनिक आला होता, त्यालाही हाकललं."

तिने दोन्ही क्लिपा सोडल्या. आत पॉइंटच्या दोन टिकल्या एकमेकींना टेकायच्या, त्यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पिवळी पट्टी अडकली होती. पॉइंट पुसायला अशी पट्टी घरात फक्त तीच फाडायची. भांडणाच्या सकाळी पुसता पुसता शब्दाने शब्द वाढला आणि रागारागात टोपण बसवून ती निघून गेली होती. मध्ये कागद असल्यावर ठिणगी पडणार कुठून?

"बाबा, हे का नाही उघडलंत?"

बाबा रस्त्याकडे बघतच म्हणाले, "ते तू बसवलं होतंस ना? तुझं काम काय तपासायचं?"

तिला रडूच आलं. तिने पट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "चूक माझीच होती, बाबा."

बाहेर हॉर्न वाजला. बाबांनी पट्टी निरखली आणि खिशात घातली.

"लाव टोपण," ते म्हणाले. "याही खेपेला मी तपासणार नाही."

तिने मात्र दोनदा बघून मगच क्लिपा दाबल्या, वायर जागेवर लावली. तिसऱ्या हँडलला इंजिन खोकलं, धडधडलं, आणि दुसरा हॉर्न कुणाला ऐकूच आला नाही.