गोगोची मागची सीट

ईप्सिता रणदिवे पुण्यात जर्मन शिकली तेव्हा तिच्या बाईंनी तिचं एकही क्रियापद चुकू दिलं नव्हतं. पण डिंगोलफिंगच्या म्हाताऱ्या बायका बोलायला लागल्या की क्रियापदच काय, आख्खं वाक्यच कुठे गडप होतं ते तिला कळायचं नाही. दक्षिण जर्मनीतल्या बाव्हेरियाच्या या भागातली बोली म्हणजे तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखी.

रेगेन्सबर्गच्या विद्यापीठात ती इतिहासात पीएचडी करत होती आणि तिचा विषय होता एक चिमुकली मोटार, गोगोमोबिल. डिंगोलफिंगमध्ये ग्लास नावाच्या कुटुंबाचा कारखाना होता. आधी तिथे पेरणीची यंत्रं बनायची. युद्धानंतर त्यांनी स्कूटर काढली. पावसात भिजत स्कूटरवरून जाणारी माणसं बघून पुढे त्यांना वाटलं, हिच्यावर छप्पर का नको? त्यातून ही मोटार आली. मालकांच्या एका नातवाला घरात लाडानं गोगो म्हणत, तेच नाव गाडीला दिलं. लाखो गोगो विकल्या गेल्या. मग लोकांना मोठ्या गाड्या परवडायला लागल्या आणि साठच्या दशकात म्युनिकच्या बड्या कंपनीनं कारखानाच विकत घेतला.

हे सगळं ईप्सितानं शंभर पानांत लिहून काढलं होतं. तिच्या प्रोफेसरांनी ती पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "गेनाऊ. सगळं बरोबर आहे. पण यात माणूस एकही नाही."

म्हणून २००७ च्या त्या उन्हाळ्यात ती दर आठवड्याला ट्रेननं डिंगोलफिंगला जात होती आणि कारखान्यात काम केलेल्या बायकांना शोधत होती. त्यातली एक क्रेसेन्स आयग्नर. वय त्र्याहत्तर, हात लाकूडतोड्यासारखे, सगळं गाव तिला झेंझी म्हणायचं. तिनं तरुणपणी गोगोच्या सीटांची कव्हरं शिवली होती. झेंझीनं कॉफी पाजली, आलुबुखारांचा केक वाढला, पण टेबलावरचा टेपरेकॉर्डर दिसला की तिचं तोंड मिटायचं.

"काय सांगू तुला, पोरी? शिवायचं, भोंगा झाला की घरी यायचं. संपलं."

तिसऱ्या भेटीतही हेच. ईप्सिताचा धीर सुटत आला. टेपरेकॉर्डर पिशवीत टाकून ती उठली आणि जाता जाता सहज म्हणाली, "तुम्ही शिवलेल्या सीटवर बसून फिरायला मजा येत असेल ना?"

झेंझी केकवर झाकण ठेवत होती. तिचा हात थांबला.

"बसले कुठे मी? कधीच नाही बसले. आमच्याकडे स्कूटर होती. मुलं झाली, पैसे साठले, तोवर गोगोचे दिवस सरले. नवऱ्यानं दुसरीच मोठी गाडी आणली आणि तीही तोच चालवायचा." मग ती हसली. "तसं माझ्याकडे लायसन्स आहे. लग्नाआधीचं, स्कूटरसाठी काढलेलं. त्या जुन्या लायसन्सवर छोटी गोगो चालवता यायची. म्हणून तर म्हातारी माणसं ती गाडी सोडत नव्हती! पण मी आपली भावाच्या शेतावर ट्रॅक्टर चालवते. अजूनही."

ईप्सिता पुन्हा खाली बसली.

गावात गोगोवाल्यांचा क्लब होता. त्याचे अध्यक्ष हेर हुबर यांच्याकडे एक लालभडक गोगो होती. तिला ते इतकं जपायचे की ढग दिसले तरी बाहेर काढत नसत. ऑगस्टमध्ये क्लबचा मेळावा होता. चाळीसेक गोगोंची गावातून मिरवणूक निघणार होती. ईप्सितानं त्यांना गाठलं. "ज्यांनी या सीट शिवल्या त्यांना एकदा तरी त्यात बसवा," ती म्हणाली. हुबरनी मिशीवरून बोट फिरवलं. "आल्झो, बरं तर, बसवू की. शेजारच्या सीटवर. चालवणार मी."

मेळाव्याच्या दिवशी नदीकाठच्या हिरवळीवर गोगो रांगेनं उभ्या होत्या, फिक्या निळ्या, पिवळ्या, लाल, जणू कुणीतरी पेपरमिंटच्या गोळ्या सांडल्या होत्या. एकेक इंजिन सुरू झालं आणि पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा निळसर धूर पसरला. ईप्सितानं छाती भरून श्वास घेतला. हा तर बाबांच्या स्कूटरचा वास! सकाळी शाळेच्या घाईत बाबा किका मारायचे तेव्हाचा.

झेंझी चर्चसाठीचा ठेवणीतला हिरवा ड्रेस घालून आली. लाल गोगोला तिनं एक फेरी मारली, दार उघडलं आणि सरळ स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

"फ्राऊ आयग्नर, तुमची जागा पलीकडे," हुबर म्हणाले.

झेंझीनं पर्समधून करड्या रंगाचं जुनाट लायसन्स काढून त्यांच्या हातात ठेवलं. हुबरनी ते उलटसुलट पाहिलं. आतल्या फोटोतली एकोणीस वर्षांची पोरगी त्यांच्याकडे बघून हसत होती. भोवती माणसं जमली. कुणीतरी ओरडलं, "नियम म्हणजे नियम, हुबर! द्या किल्ली!" हुबर लाल झाले, मग त्यांनाच हसू फुटलं. हिरवळीवर त्यांनी तिच्याकडून चार चकरा मारून घेतल्या. पहिल्या चकरेत गाडी बेडकासारखी उड्या मारत गेली. चौथ्या चकरेत झेंझी एका हातानं लोकांना टाटा करत होती.

मिरवणूक निघाली. झेंझी चालवत होती, शेजारी ईप्सिता गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. चौकात आल्यावर सगळ्या गोगो डावीकडे वळल्या. झेंझी उजवीकडे वळली.

"फ्राऊ आयग्नर! रस्ता तिकडे आहे!"

"त्यांचा तिकडे आहे," झेंझी म्हणाली. "आपण रेझीला घ्यायला जातोय."

रेझी म्हणजे झेंझीच्या शेजारच्या मशीनवर बसणारी तिची जिवाची मैत्रीण. ती आता वृद्धाश्रमात राहत होती. गुडघे दुखतात म्हणून तिनं मेळाव्याला यायला साफ नकार दिला होता. झेंझीनं वृद्धाश्रमाच्या दारात असा काही हॉर्न वाजवला की खिडक्याखिडक्यांतून पांढरी डोकी बाहेर आली.

"रेझी, खाली उतर! आपली सीट आली आहे!"

रेझी काठी टेकत आली. नाही नाही म्हणत होती, पण लिपस्टिक लावून आली होती. तिला मागे बसवणं हे मोठंच काम होतं. ईप्सिता पलीकडून ओढत होती, वृद्धाश्रमातली नर्स अलीकडून ढकलत होती आणि झेंझी पुढे बसून सूचना देत होती. एकदाची रेझी आत गेली. तिनं सीटवर हात फिरवला, दोन्ही तळवे टेकले आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई! आपण इतकी टणक बनवत होतो?"

झेंझी हसत सुटली ती थांबेना.

परतताना एक चढ होता. तिघींच्या वजनानं गोगोचा दम अर्ध्यावरच संपला. ईप्सिता उतरली, ओढणी कमरेला खोचली आणि ढकलू लागली. मागच्या काचेतून रेझी तिला हातवारे करून जोर चढवत होती. तेवढ्यात मागून कुणाच्या तरी पिवळ्या गोगोत हुबर येताना दिसले. आता ते ओरडणार, असं वाटून ईप्सितानं मान खाली घातली. हुबर उतरले, टोपी काढून टपावर ठेवली, बाह्या सावरल्या आणि तिच्या शेजारी उभे राहून म्हणाले, "एक, दोन, तीन म्हटलं की लावा जोर."

चढाच्या माथ्यावर गाडीनं फट्कन आवाज करून वेग घेतला आणि दोघी मैत्रिणी या दोघांना रस्त्यावर सोडून भुर्र निघून गेल्या.

"जा," हुबर सुस्कारा टाकून म्हणाले, "या बाईला आता पुढच्या वर्षीही नाही म्हणता येणार नाही." आवाजात मात्र तक्रार नव्हती. ते ईप्सिताला पिवळ्या गोगोतून हिरवळीवर घेऊन आले.

तिथे टाळ्यांचा गजर चालला होता. झेंझी बोनेटला टेकून बिअर पीत होती. रेझीनं मात्र गाडीतून उतरायला नकार दिला. "आत शिरायला इतकी मेहनत केली, आता संध्याकाळपर्यंत हलणार नाही." मग तिला कॉफी आणि केक तिथेच नेऊन दिला. लोक उघड्या दारापाशी येऊन वाकून तिला काहीबाही विचारू लागले आणि ती बोलू लागली. शिवणखात्यात त्या कोरसमध्ये गायच्या तेव्हा सुपरवायझरही कसा गुणगुणायचा. एकदा घाईत झेंझीनं रेझीचा ॲप्रनच सीटच्या कव्हरला कसा शिवून टाकला आणि मग रेझीला उठताच येईना.

"मी नाही, तू शिवला होतास!" झेंझी ओरडली.

"माझा शिवला होतास तू!"

वाद रंगला. ईप्सिता गवतावर मांडी घालून दाराशी बसली. तिला निम्मं कळत होतं, निम्मं नाही. न कळलेलं ती पुन्हा विचारायची आणि झेंझी खाली वाकून ते तिला सावकाश, शाळेतल्या जर्मनमध्ये सांगायची. मध्येच तिनं आपल्या ताटलीतला केकचा मोठा तुकडा ईप्सिताच्या हातावर ठेवला.

"खा, पोरी," ती म्हणाली. "अजून आम्ही कारखान्यातल्या पहिल्या वर्षातच आहोत."