पट्टीपावच्या तव्याची साक्ष

मंगळवार, ७ फेब्रुवारी १९८९. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मला शेगडीवर चढवण्यात आलं. शेजारच्या शेगडीवर दुसरा तवा होता, नवा आणि चकचकीत. समोर खुर्च्यांवर पाच जणांची समिती बसली होती. पट्टीपाव हा पदार्थ मुळात कुणी तयार केला, हे त्यांना ठरवायचं होतं. ज्याचा पदार्थ ठरेल, त्याला कॅन्टीनमध्ये जागा मिळणार होती.

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी तवा आहे. बुवापाड्यात राहणाऱ्या चांगुणाबाईंच्या हातगाडीवरचा. त्या दिवशी बाईंच्या बाबतीत काय पणाला लागलं होतं ते आधी सांगतो. गेटसमोरचा रस्ता रुंद होणार होता. २० फेब्रुवारीपर्यंत सगळ्या गाड्या हटवाव्यात, अशी नोटीस विजेच्या खांबावर लागली होती. बाईंचे यजमान हरिचंद्र यांचं वर्कशॉप दोन वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. कॅन्टीन मिळालं नाही, तर त्या घराला दुसरा आधार नव्हता.

मी तवा म्हणून जन्माला आलो नाही. १९८१ साली त्याच वर्कशॉपमध्ये मला एका टाकीचा तळ म्हणून कापलं. कापणाऱ्यानं माप घेताना चूक केली आणि माझा घेर दोन बोटं कमी भरला. मी भंगारात पडलो. हरिचंद्र तिथं वेल्डर होते. त्यांनी साहेबांना विचारून मला घरी नेलं, काठाला पट्टी वेल्ड केली आणि गाडीवर बसवलं. मला उचलायला दोन माणसं लागतात. चांगुणाबाईंनी मला विटेच्या तुकड्यानं घासलं, मीठ भाजलं, कांदा फिरवला, तेल पाजलं. आठवडाभर हे चाललं. मगच माझ्यावर पहिलं आम्लेट पडलं.

सुरुवातीची वर्षं आम्लेट-पावाची होती. तीन वाजता भोंगा झाला की पहिल्या पाळीचे कामगार बाहेर पडत. रिक्षा भरेपर्यंत त्यांच्याकडे सात-आठ मिनिटं असत.

"ताई, जरा हात चालवा, रिक्षा भरली."

"रिक्षा थांबेल रे. घरी बायको थांबलीये का, ते बघ आधी."

बॉयलरवर काम करणारे रामभाऊ हे रोजचं गिऱ्हाईक होतं. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असे, तेवढा वार सोडला तर त्यांचा खाडा नसे. १९८४च्या हिवाळ्यात एके दिवशी ते म्हणाले, "बाई, अंडं खाऊन कंटाळा आला. मटण द्या की."

"मटण शिजायला तास लागतो, रामभाऊ. तास थांबता का?"

"मी थांबेन. रिक्षावाला नाही थांबायचा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोकडाच्या मांडीचं बिनहाडाचं मटण आणलं. विळीवर पाय रोवून बसल्या. मटणाचा गोळा दोन्ही हातांत धरून पात्यावर फिरवत गेल्या आणि तो गोळा उलगडत गेला. त्याचे तुकडे पडले नाहीत. हातभर लांब, कागदासारखी पातळ अशी एकच पट्टी खाली उतरली. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि कच्ची पपई लावून ती पट्टी दुपारपर्यंत मुरवली. माझ्यावर टाकली, तेव्हा चार मिनिटांत शिजली.

चीज आलं ते उल्हासनगरहून. तिथल्या एका बेकरीचे मालक टेकचंद सायकलवरून पाव पोचवत. एका दुकानदाराकडून त्यांच्या गळ्यात चीजचे डबे पडले होते.

"भाभी, ये डालके देखो. नाय चाललं तर डबा परत घेतो मी."

पहिल्या दिवशी चीज थेट माझ्या अंगावर पडलं आणि करपलं. ते खरवडताना बाईंनी मला आणि टेकचंदना एकाच दमात शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी जमलं. आधी पट्टी उलथण्यानं चिरायची, तिची रास करायची, राशीवर चीज किसायचं, बाजूला पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि वर ताटली झाकायची. वाफेवर चीज वितळून मटणाच्या थरांत उतरतं. मग टेकचंदनी आणलेला लांबट पाव चिरून त्या राशीवर उपडा घालायचा आणि खालून उलथणं सरकवून सगळं एकदम उचलायचं. पट्टीपाव हे नाव कामगारांनी दिलं. बदलापूरहून येणारे लोक घरी बांधून नेऊ लागले. त्या काळात माझं फार कौतुक झालं. चव तव्यातच आहे, असं लोक म्हणत. मला ते खरं वाटायचं.

१९८७ साली स्टेशनाजवळच्या एका हॉटेलवर पाटी लागली: 'पट्टीपावचे मूळ ठिकाण'. मालकाचं नाव कमळाकरशेठ. त्यांच्याकडे टेबलं होती, पंखे होते. मटण आधी कुकरमध्ये उकडून घेत. शेठ गिऱ्हाइकांना सांगत, "ती गाडीवाली ना? माझ्याकडे भांडी घासायची. इथं बघूनच शिकली."

यातलं अर्धं खरं होतं. गाडीवर भागेना, म्हणून १९८३मध्ये बाई सहा महिने सकाळच्या वेळी त्या हॉटेलात भांडी घासायला होत्या. तेव्हा तिथं पट्टीपाव नव्हता, हेही खरं होतं. पण ते सांगणार कोण? टेकचंद आता दोघांनाही पाव देत होते. बाईंनी साक्षीला बोलावलं, तेव्हा त्यांनी हात जोडले. "भाभी, मेरेको बीच में मत डालो. दोनोंका पाव जाता है."

गाडीवरची गर्दी ओसरत गेली. काही आठवडे मी अर्धा दिवस थंड राहिलो. माझ्या कडेला गंज धरला.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी हरिचंद्रांनी तो गंज घासून काढला. घासता घासता ते म्हणाले, "समितीनं विचारलं कुठं शिकलीस, तर मुंबईच्या हाटेलात म्हणून सांग."

"कुठल्या हाटेलात?"

"कुठल्या पण. कोण बघायला जातंय?"

बाई विळीला धार लावत राहिल्या.

आता पुन्हा त्या मंगळवारकडे येतो. समितीचे सचिव शरदचंद्र नियमाला पक्के होते. दोघांनी घरून आणलेलं मटण त्यांनी बाजूला ठेवायला लावलं. कारखान्याच्या माणसानं सगळ्यांदेखत बोकडाच्या दोन सारख्या मांड्या आणल्या. "इथंच कापायचं, इथंच करायचं," शरदचंद्र म्हणाले.

कमळाकरशेठ हसले, पण त्यांचा आचारी हसला नाही. त्यानं सुरीनं काप केले. ते बोटभर जाड निघाले. कुकर नव्हता. नव्या तव्यावर ते वीस मिनिटं चरचरले आणि वातड झाले. समितीतल्या एकानं घास तोंडात या गालातून त्या गालात फिरवला आणि शेवटी रुमालात काढला.

चांगुणाबाई विळी घेऊन फरशीवर बसल्या. खुर्च्यांवरचे पाचही जण पुढे वाकले. गोळा फिरू लागला, पट्टी उतरू लागली. ती कुठं तुटली नाही. मुरायला वेळ नव्हता, म्हणून बाईंनी पपईचा चीक चोळला. माझ्यावर साडेचार मिनिटं लागली. पाच पाव पाच ताटल्यांत गेले. समितीत कामगारांच्या वतीनं रामभाऊही होते. पहिला घास त्यांनीच घेतला. "हाच तो. चार वर्षं खातोय," ते म्हणाले.

"चव कुणीही उचलू शकतो," कमळाकरशेठ म्हणाले. "शिकली कुठं, ते विचारा ना. माझ्याकडे होती की नव्हती?"

"होते. भांड्याला होते," बाई म्हणाल्या.

शरदचंद्रांनी वहीतून मान वर केली. "मग ही कापायची पद्धत कुठली, बाई? हा हात हॉटेलातला नाही."

दाराशी उभ्या असलेल्या हरिचंद्रांकडे बाईंनी एकदा पाहिलं. मुंबई हा एकच शब्द पुरेसा होता. मी तापलेलो होतो, शेगडीचा आवाज तेवढा येत होता.

"हाटेलातला नाहीच," बाई म्हणाल्या. "आमच्या आईचा हात आहे हा. आम्ही चान्या कापायचो. गावात ढोर मेलं की ओढून न्यायचं काम आमच्या लोकांवर टाकलेलं. खायला दुसरं नसायचं. मग त्या मासाच्या अशा लांब पट्ट्या काढायच्या, दोरीवर वाळवायच्या, पावसाळ्याला ठेवायच्या. पट्टी जाड राहिली तर सडायची. म्हणून आई पातळ कापायला शिकवायची. छप्पन साली दीक्षा घेतली, ते सगळं सुटलं. मी अकरा वर्षांची होते. हात तेवढा राहिला."

समितीतल्या दोघांनी आपापल्या ताटलीत पाहिलं.

"आणि हे मटण बोकडाचं आहे," त्या पुढे म्हणाल्या. "तुमच्याच माणसानं आणलंय."

"ते दिसतंय," शरदचंद्र म्हणाले आणि लिहू लागले.

रामभाऊंच्या हातात अर्धा पाव होता. त्यांनी तो ताटलीत ठेवला. उठून नळाकडे गेले, हात धुतले आणि परत येऊन बसले. ताटलीकडे त्यांनी पाहिलं नाही. बाकीच्या चौघांपैकी दोघांनी खाणं संपवलं, दोघांनी नाही. निर्णय शनिवारी फलकावर लावू, असं सांगून तीन वाजून चाळीस मिनिटांनी समिती उठली.

बाहेर आल्यावर हरिचंद्र म्हणाले, "एक शब्द सांगितला होता तुला."

"तो शब्द खरा असता, तर बोलले असते."

मित्रांनो, तवा जपायचा कसा, हे मला सांगता येतं. ओला ठेवू नका, साबण लावू नका, रोज थोडं तेल पाजा. माणसांबद्दल सांगण्याइतकं माझं शिक्षण नाही. एवढंच मागतो, की एखादा पदार्थ आवडला तर तो कुणाच्या हातचा, हे जरूर विचारा. आणि उत्तर आल्यावर हातातला घास खाली ठेवू नका. चव तव्यात असते, असं मी आता म्हणत नाही. माझ्यासारखाच एक तवा त्या दिवशी शेजारी होता.

शनिवारी फलकावर काही लागलं नाही. समितीचं एकमत नाही, एवढंच वॉचमननं सांगितलं. आज सोमवार, १३ फेब्रुवारी. नोटिशीची मुदत संपायला सात दिवस आहेत. बुधवारपासून रामभाऊ गाडीकडे फिरकले नव्हते. आज तीनचा भोंगा झाला आणि ते गेटातून बाहेर आले. रिक्षाकडे गेले नाहीत. ते रांगेत उभे आहेत. चेहऱ्यावरून काही कळत नाही. बाईंनी त्यांना पाहिलं आहे आणि पट्टी कापायला घेतली आहे. रामभाऊंच्या पुढे अजून दोन माणसं आहेत.