चुलीपुढचं दुखणं

शेवटची आंघोळ घालताना भावजयीने विचारलं, "ताई, मायच्या पोटावर ही खूण कशाची?" उजव्या कुशीत, कमरेच्या हाडाच्या वर, बोटभर लांब. हे सांगू शकणारी घरात आता मीच उरले आहे.

त्रेपन्न साली, कापूसवेचणीच्या दिवसांत, देवळीला माय आजारी पडली. अंगात ताप, चाल वाकलेली. उजवा पाय सरळ करायला गेली की ओरडायची. निजायचीही पाय पोटाशी घेऊन. पण चुलीपुढे उकिडवी बसून भाकरी मात्र थापायची, आणि आजीला, आनंदाबाईला, तेवढंच दिसायचं.

"चुलीपाशी बसता येते, अन् वावरात जाता येत नाई? मस्त दुखणं हाय बाई तुयं!"

"जाईन उद्या," माय म्हणायची आणि भाकरी उलटायची.

ती वाळतच चालली, तेव्हा बाबांनी बैलबंडी जुंपली. तिला मऊ लागावं म्हणून खाली घरचा कापूस पसरला. सरकीचा तो तेलकट वास मला अजून आवडतो. मी तिच्या उशाशी बसले. आजीही बसली, ती डॉक्टरांशी भांडायलाच.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं. "खुब्याच्या सांध्याचा क्षय दिसतो," ते म्हणाले. "पाय प्लास्टरमध्ये घालू."

"खुबागिबा काई नाई, डॉक्टरसाहेब. सोंग हाय. घरी चुलीपाशी उकिडवी बसून राह्यते थे!"

डॉक्टर थांबले. "बाई, बसून दाखवा."

माय खाटेवरून उतरून सहज उकिडवी बसली. पुन्हा निजवून त्यांनी तिचा गुडघा छातीपर्यंत नेला. ती कण्हलीही नाही. पाय जरासा सरळ करताच तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"सांधा बिघडला असता तर असं बसताच आलं नसतं," ते बाबांना म्हणाले. "पोटाच्या मागे, कण्यापासून मांडीत उतरणाऱ्या स्नायूत पू साठलाय. असं गळू क्वचितच दिसतं. पाय दुमडला की स्नायू सैल पडतो, म्हणून बसल्यावर हिला बरं वाटतं. आजच कापून पू काढला नाही, तर ही वाचणार नाही."

बाबांनी आजीकडे पाहिलं. घरात शब्द तिचाच चाले. आजी मायकडे पाहत होती.

"कापा," ती म्हणाली. मग मायला, "भेऊ नोको व. मी आहो ना."

तांब्याभर पू निघाला. जखमेत रबरी नळी ठेवली होती, तिच्यातून पुढेही झिरपत राहिला. हळूहळू ताप उतरला. एका सकाळी पाहते तर माय पाठीवर निजलेली, दोन्ही पाय लांब केलेले. आजीने तिच्यावर पांघरूण ओढलं आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला दटावलं, "हळू बोल ना व. माही सून निजून राह्यली."